सांध्याच्या शेजारचं दुखणं

"बोट ठेवून दाखवा कुठे दुखतंय," असं डॉक्टर म्हणतात ना, तिथेच माझं अडतं. बोट ठेवता येतच नाही, तळहात ठेवावा लागतो. कोपराच्या खाली आणि मनगटाच्या वर, मधल्या मांसल भागावर. नाहीतर गुडघ्याच्या आतल्या अंगाला चार बोटं खाली. नाहीतर मांडीच्या वरच्या टोकाला, कमरेच्या बाजूला, जिथे साडीची निरी खोचतो त्याच्या मागे जरा खाली. तिथे सांधा नाहीये. सांध्याच्या शेजारी आहे ते. आणि मला आमवात आहे, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, २०१७ पासून, त्यामुळे सांधा दुखणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको, ते मी झोपेतसुद्धा ओळखते, आणि हे ते नव्हे.

एवढंच सांगायला, म्हणजे हे ते नव्हे एवढंच, मला तीन वर्षं लागली. आधी मलाच नीट कळत नव्हतं आणि कळलं तेव्हा ऐकणारं कुणी मिळेना. म्हणून लिहितेय, कुणाला असंच होत असेल तर.

मी रत्नागिरीच्या उत्तरेला खाडीपलीकडच्या गावात राहते. घर पाखाडीच्या खालच्या टोकाला, रस्त्यावर जायचं तर जांभ्याच्या ५३ पायऱ्या चढायच्या. शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म, मे महिन्यात लग्नाची घाई आणि गणपतीच्या आधी मुंबईहून फोनवर मापं सांगणाऱ्या सगळ्या नणंदा-जावा. म्हणजे हातावरच सगळं.

सुरुवात झाली ती २०१६ च्या पावसाळ्यात. गावात तापाची साथ होती, घरोघरी माणसं भिंतीला धरून चालत होती, सगळे म्हणाले चिकुनगुनिया. (हा शब्द आफ्रिकेतला आहे हे मला नंतर कळलं, टांझानियात १९५२ साली साथ आली तेव्हा तिथल्या माकोंडे लोकांच्या भाषेतून आला, अर्थ साधारण वाकवून टाकणारं. ज्याने नाव दिलं त्याला नक्की आला असणार तो ताप.) बाकीच्यांचं महिन्या-दोन महिन्यांत उतरलं, माझं राहिलं. चिकुनगुनियानंतर काहींचे सांधे कितीतरी महिने दुखत राहतात हे खरंच आहे, त्यामुळे मीही वाट बघत बसले. पण मग दोन्ही हातांच्या बोटांची मुळं एकसारखी सुजायला लागली, उजवा-डावा अगदी जोडीने. अंगठी निघेना, साबण लावून काढली. सकाळी उठल्यावर मूठ मिटायची नाही, नऊ-साडेनऊपर्यंत हात लाकडाचा. त्या वर्षी गणपतीला मोदकाच्या कळ्या माझ्याच्याने पाडता आल्या नाहीत, पारी हातात घेतली आणि चिमटीत जोरच येईना, तेव्हा जाऊबाईंनी माझ्या हातातून ती पारी काढून घेतली आणि काही न बोलता स्वतः केली. त्यांनीच मग मागे लागून कोल्हापूरला पाठवलं, कारण आमच्या बाजूला तेव्हा या रोगाचा खास डॉक्टर नव्हता. एसटीने साखरप्यावरून आंबा घाट चढून जायचं, चार तास, आणि चार तास एका जागी बसल्यावर स्टँडवर उतरायचं हाच एक कार्यक्रम असतो.

आमवाताची रक्तातली खूण, ॲण्टी-सीसीपी, पॉझिटिव्ह आली, आणि अंगातली सूज सांगणारे ईएसआर, सीआरपी दोन्ही चढलेले. नाव मिळालं. मला आठवतं, मला रडू नाही आलं, बरं वाटलं. नाव मिळालं की निम्मं दुखणं उतरतं असं तेव्हा वाटायचं.

मेथोट्रेक्सेट सुरू झालं. आठवड्यातून एकदा, एकदाच, हे मी मुद्दाम दोनदा लिहितेय कारण ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, आमच्या डब्यावर लेकीने मोठ्या अक्षरात रविवार लिहून ठेवलंय. घरात आधी भीती होती. दादाने मुंबईहून मोबाइलवर वाचून फोन केला की अगं हे कॅन्सरचं औषध आहे. आहेच, पण सांध्यांसाठी डोस फार कमी असतो. मग मीच वाचत बसले आणि सापडले यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे, १८९५ चा जन्म, अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या लॅबमध्ये काम केलं. त्यांच्या हाताखालच्या लोकांनी फॉलिक ॲसिड बनवलं आणि त्याच कामातून पुढे फॉलिक ॲसिडला अडवणारी ही औषधंही निघाली. माझ्या डब्यात दोन्ही आहेत. रविवारची ती, आणि तिचा त्रास होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवसाची फॉलिक ॲसिडची. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडच्याच माणसाचा हात लागलाय गो. मग घे." तेव्हापासून रविवारी रात्री जेवण झालं की त्याच आठवण करतात.

तर सूज उतरली. वर्षभरात हात पुन्हा चालायला लागले, मशीनला मोटर बसवून घेतली, जाड कापड कापायला हलकी कात्री आणली. २०१९, २०२० बरी गेली.

आणि २०२१ च्या मृगात हे दुसरं आलं.

पहिल्यांदा वाटलं आमवातच वर आलाय. पण सूज नाही. गरम लागत नाही. सकाळी नाहीच, उलट दुपारनंतर, कधी रात्री दोनला, आणि जोडीनेही नाही, आज उजवा हात तर चार दिवसांनी डावी मांडी. आमवाताचं दुखणं कसं, ठणकतं, आत काहीतरी पिकल्यासारखं. हे तसं नव्हतं. कधी जळजळ, कधी ओल्या कपड्याला पीळ घालतात तसं, कधी नुसतं जड, आणि वरून ब्लाऊजच्या बाहीचा स्पर्शसुद्धा नको. रत्नागिरीला रक्त तपासलं, ईएसआर नॉर्मल, सीआरपी नॉर्मल. एक्स-रे जुन्यासारखाच. सोनोग्राफीत सांध्यात पाणी नाही, सूज नाही. व्हिटॅमिन डी, थायरॉइड, शुगर, सगळं झालं. मनगटात नस दाबली जाते का तेही बघितलं, आमवातात ते होतं म्हणून. नव्हतं.

"तुमचा आजार एकदम कंट्रोलमध्ये आहे," एक डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच खूश होऊन म्हणाले, रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं मग दुखतंय काय. तर म्हणे वय होतंय, टेन्शन घेऊ नका, मन रमवा. बाहेर आले आणि केसपेपर हातात घेऊन बाकड्यावर बसून राहिले. चांगला रिपोर्ट हातात घेऊन इतकं एकटं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. आजार होता तेव्हा माझ्या दुखण्याला साक्षीदार होते, आकडे होते, सूज होती, कुणीही येऊन बघावं. आता फक्त मी सांगणार आणि मीच ऐकणार.

घरात कुणी वाईट बोललं नाही, पण घरी आल्यावर ह्यांनी पहिलं विचारलं रिपोर्ट काय, मी म्हटलं नॉर्मल, ते म्हणाले चला सुटलो. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यानंतर मी हात दुखतो म्हणायचंच बंद केलं. कारण कुठल्या तोंडाने सांगणार. आणि न सांगता दुखणं अजून वाढतं, हे मी अनुभवाने लिहितेय.

आमच्याकडे बाईने सहन केलं की तिचं कौतुक होतं. फलाणीच्या पायाला एवढी जखम, पण लावणीला चिखलात उभी राहिली, असं वर्षानुवर्षं सांगतात. मला ते कौतुक नको आहे. माझ्या आईने असंच कौतुक मिळवत मिळवत गुडघे घालवले, शेवटची पाच वर्षं ती ओटीवरून खाली उतरली नाही. मला पाखाडी चढायची आहे.

एक गोष्ट मला माझ्या धंद्यामुळे सुचली. ब्लाऊजच्या काखेत चुण्या पडतात म्हणून बाई येते आणि सांगते काख सैल कर. मी आधी तिला उभी करून बघते, कारण कितीतरी वेळा काखेत काहीच चूक नसते, खांद्याचा उतार चुकलेला असतो, ओढ तिकडून येते आणि दिसते काखेत. काख सैल केली तर अजून बिघडतं. मग माझ्या अंगाचं का नसेल तसं? हेच मी रत्नागिरीच्या फिजिओथेरपिस्ट मुलीला विचारलं, ती म्हणाली, "काकी, बरोबर," आणि गुडघा बाजूला ठेवून आधी माझा खुबा तपासायला लागली. खुब्यात बिघाड असेल तर दुखतो गुडघा, असंही होतं म्हणाली. एका कुशीवर झोपवून वरचा पाय उचलायला लावला तर दहा वेळासुद्धा उचलेना, इतकी ताकद गेलेली. मी सुजेच्या दोन वर्षांत जशी वाकडी चालत होते तशीच सूज गेल्यावरही चालत राहिले होते, मला माहीतच नाही. गुडघ्याच्या आतल्या अंगाला खाली तीन स्नायूंच्या दोऱ्या एकत्र येऊन हाडाला चिकटतात आणि त्यांच्याखाली एक इवलीशी पाण्याची पिशवी असते, ती चिडलेली. म्हणजे सांधा निर्दोष, शेजारच्या पिशवीला त्रास. खुब्याचा व्यायाम आणि शेक, तीन महिन्यांत ते बरंच गेलं.

म्हणजे तीन जागांपैकी एकीला कारण मिळालं. म्हणून सांगते, अस्पष्ट दुखणं आहे म्हणून सोडून देऊ नका, आधी नीट शोधायला लावा. आणि एकच सांधा अचानक लाल, गरम झाला, वर ताप आला तर घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आमच्यासारख्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी असते, सांध्यात जंतू गेले तर थांबायला वेळ नसतो.

हाताचं आणि मांडीचं कारण मात्र मिळालं नाही. आजही नाही.

पण कोल्हापूरच्या डॉक्टरांनी, आमच्या नेहमीच्याच, एकदा शेवटचा पेशंट म्हणून मला अर्धा तास दिला. त्यांनी रिपोर्ट बघितलाच नाही, म्हणाले, "ताई, तुम्ही सांगा, मी ऐकतो." मी तळहात ठेवून दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं. मग त्यांनी समजावलं की बराच काळ सांधे सुजलेले असले की दुखण्याच्या बातम्या नेणाऱ्या नसा, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदू या सगळ्यांनाच सवय लागते, ते जास्त हळवे होतात आणि मग सूज गेल्यावरसुद्धा साधा दाब, साधा ताण दुखणं म्हणून वर पोचवतात. क्लिफर्ड वुल्फ नावाच्या शास्त्रज्ञाने हे पाठीच्या कण्यात होतं असं १९८३ साली दाखवलं होतं. जखमेचं दुखणं आणि नस बिघडल्याचं दुखणं याशिवाय हा तिसरा प्रकार धरून त्याला वेगळं नाव मिळालं ते मात्र २०१७ साली, नोसिप्लास्टिक म्हणतात. आमवात असणाऱ्यांमध्ये हे इतरांपेक्षा जास्त दिसतं. म्हणजे मी काही जगावेगळी नव्हते.

मला ते कळलं ते मशीनवर बसल्यावर. वरच्या दोऱ्याला टेन्शनचा स्क्रू असतो, जाड डेनिम शिवताना तो फिरवतो, आणि नंतर विसरलो आणि मऊ मलमल घेतली तर दोरा तुटतो नाहीतर कापड गोळा होतं. कापडात दोष नाही, दोऱ्यात नाही. स्क्रू जुन्या कापडाच्या हिशेबाने राहिलाय. मला टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांचा शब्द इतका लागला होता, आणि शब्द तोच, पण आता त्याचा अर्थ माझ्या मनाच्या कमकुवतपणाशी नव्हता. आणि स्क्रू हळूहळू सैल करता येतो. एकदम नाही, पाव-पाव फेरा.

अजून एक सांगितलं त्यांनी, ते मी वहीत उतरवून ठेवलंय. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांची जी संघटना आहे तिने २०२० साली वेदनेची व्याख्या नव्याने लिहिली, आणि तिच्या खालच्या टिपांमध्ये आहे की एखाद्याने मला दुखतंय म्हणून सांगितलं तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. मी ते घाटातून येताना खिडकीशी बसून तीनदा वाचलं. इतकी साधी गोष्ट, आणि ती व्याख्येत लिहायला लागली.

त्यानंतर मी नोंदी ठेवायला लागले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलने, हात असेल तर ह, मांडी असेल तर म, रात्री झोप किती ते तास. सासूबाईंचं ठाम मत की अमावास्या-पौर्णिमेला वाढतं, उधाणाचं पाणी चढतं तसं. तिथी कॅलेंडरवरच छापलेली, त्यामुळे पडताळणं सोपं. आठ महिन्यांत अमावास्येशी काही जुळलं नाही. जुळलं ते दोनच गोष्टींशी. एक म्हणजे झोप, पाच तासांच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी ह नक्की. आणि दुसरं, खूप काम केलं त्या दिवशी नाही तर त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतं, म्हणून मला आधी कधी संबंधच लागला नव्हता. बरं वाटलं की मी आठ ब्लाऊज एका दमात कापायचे, मग चार दिवस पडून, मग पुन्हा आठ. आता मोबाइलला २० मिनिटांचा गजर. वाजला की उठायचं, काज अर्धं राहिलं तरी. याचा मला फार त्रास झाला सुरुवातीला, हातातलं काम अर्धं टाकायची सवय नाही. पण महिन्याचे ब्लाऊज मोजले तर पूर्वीपेक्षा जास्तच होतात.

पावसाचं मात्र खरं आहे थोडंसं. मँचेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी अडीच हजारांवर दुखणेकऱ्यांकडून मोबाइलवर रोजच्या नोंदी घेतल्या होत्या, २०१९ ला छापून आलं, दमट हवा, हवेचा दाब कमी आणि वारा अशा दिवशी दुखणं वाढायची शक्यता थोडी जास्त निघाली. थोडीच. पण दमट हवा, कमी दाब आणि वारा म्हणजे आमचा जून ते सप्टेंबर. भिंतींना बुरशी, कपडे चुलीवर वाळवायचे, मिठाला पाणी सुटलेलं. तेव्हा निगडीचा पाला पाण्यात उकळून त्याचा शेक घेते, सासूबाई उंडीचं तेल चोळतात, हलक्या हाताने. बरं वाटतं. औषध मात्र त्यासाठी कधी सोडलं नाही आणि सुजलेल्या गरम सांध्याला चोळू देत नाही.

त्यांना मी एकदा माधवनिदानातलं वाचून दाखवलं होतं, आयुर्वेदाचा बाराशेहून अधिक वर्षांपूर्वीचा ग्रंथ, त्यात आमवाताच्या दुखण्याला विंचवांनी डंख मारल्यासारखं म्हटलंय. त्यांना लहानपणी लाल इंगळी चावलेली, परसवात लाकडं उचलताना. तेव्हा कोकणात विंचवाने माणसं मरायची, पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी पेशंटच्या उशाशी बसून बारीक नोंदी घेतल्या आणि प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची गोळी त्यावर चालते हे दाखवलं, तेव्हा मरणं कमी झाली. सासूबाई त्याच्या कितीतरी आधीच्या, एक रात्र आणि एक दिवस तळमळून वाचल्या. ऐकून गप्प बसल्या जरा वेळ. मग म्हणाल्या, "विंचू उतरतो गो. तुझं उतरतच नाही." त्या वाक्याने मला जे बरं वाटलं ते कुठल्या गोळीने नाही. त्यांनी कारण विचारलं नव्हतं.

ओहोटीच्या वेळी मी चालायला जाते. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि खुबा ओढला जातो, पण पाणी सरकल्यावर जी ओली घट्ट पट्टी राहते ती चालायला छान. वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे जाते त्यामुळे कधी पहाट, कधी भर दुपार, शेजारच्या काकी म्हणतात ही बाई कधीही समुद्रावर दिसते. कधी अर्ध्यातून परत येते. मांडीने सांगितलं की वळते, आता भांडत नाही तिच्याशी.

पूर्वी सकाळी चहा घेताना सासूबाई विचारायच्या, "आज कसं आहे?" आणि मी म्हणायचे बरंय. त्यावर पुढे काही बोलायला उरायचंच नाही. हल्ली कधीपासून ते बदललं मला सांगता येणार नाही, पण त्या विचारतात, "आज कुठे आहे?" आज सकाळी मी उजव्या हातावर, कोपराच्या खाली, तळहात ठेवला. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि नारळ खवायची विळी स्वतःकडे ओढून घेतली.